वाळूच्या ट्रेमधली नागमोडी नदी : प्रकल्प नोंदी

दि. ४ जानेवारी

प्राकृतिक भूगोलाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमासाठी भूरूपे घडवणाऱ्या प्रक्रियांची प्रात्यक्षिके तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. भूपृष्ठ उचलणाऱ्या, वाकवणाऱ्या आणि भंग करणाऱ्या अंतर्गत प्रक्रिया एकीकडे, आणि उचलल्या गेलेल्या भूभागाची झीज करून तो गाळ सखल भागात नेऊन टाकणाऱ्या बाह्य प्रक्रिया दुसरीकडे, या दोहोंच्या झटापटीतून डोंगर, दऱ्या आणि मैदाने कशी आकाराला येतात हे विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर घडताना दिसावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. हिमनदी आणि वारा ही कारके मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत, कारण ती ट्रेमध्ये नीट बसत नाहीत आणि ओढूनताणून बसवली तर खोटी वाटतात. उरलेल्यांपैकी विदारण (खडक जागच्या जागी फुटणे किंवा कुजणे), उतारावरून होणारी विस्तृत झीज (सुटे झालेले पदार्थ गुरुत्वाने खाली घसरणे) आणि वाहत्या पाण्याचे कार्य यांची प्रात्यक्षिके करायची आहेत. शेवटचे प्रात्यक्षिक म्हणून नागमोडी वळणे घेणारी नदी दाखवायची असे ठरवले आहे, कारण पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये तीच सर्वांत देखणी असते.

दि. ९ जानेवारी

पत्र्याचा १८० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल ट्रे तयार झाला. वरच्या दीड मीटर भागात सुमारे आठ सेंटीमीटर जाडीचा वाळूचा थर पसरला आणि खालचा ३० सेंटीमीटर भाग पाण्यासाठी मोकळा ठेवला, म्हणजे तो समुद्राचे किंवा सरोवराचे काम करील. खालच्या टोकाला एक भोक आहे, त्यातून बाहेर पडलेले पाणी बादलीत जमा होते आणि मत्स्यालयात वापरतात तसल्या छोट्या पंपाने ते पुन्हा वरच्या टोकाला येते. प्रवाह मिनिटाला साधारण तीन लिटर राहील असा कॉक बसवला. मापाचे भांडे आणि घड्याळ वापरून तो तीन वेळा तपासला.

वाळू चाळून घेताना ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपासचे कण ठेवले. यामागे कारण आहे. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रोम यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार पाण्याने उचलून नेण्यास सर्वांत सोपा कण हा सर्वांत बारीक कण नसतो. बारीक वाळू सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर वेगाच्या पाण्यात हलू लागते, पण तिच्याहून कितीतरी बारीक असलेली चिकणमाती उखडण्यासाठी त्याहून अधिक वेग लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. मात्र एकदा उखडली की तीच माती अगदी संथ पाण्यातही तरंगत राहते. हा मुद्दा आज केवळ कणांचा आकार ठरवण्यापुरता वापरला.

दि. १२ जानेवारी

पहिली चाचणी. ट्रेचा उतार पन्नासास एक ठेवला आणि वाळूच्या मधोमध पाच सेंटीमीटर रुंदीचा सरळ चर पाडून त्यात पाणी सोडले. नदीच्या नागमोडी वळणाची तरंगलांबी पात्राच्या रुंदीच्या सर्वसाधारणपणे दहा ते चौदा पट असते, या हिशेबाने दीड मीटरमध्ये दोन-तीन वळणे सहज मावायला हवी होती.

प्रत्यक्षात पहिल्या पाच मिनिटांत काठ ढासळू लागले. पात्र रुंदावले, रुंदावले म्हणून उथळ झाले, आणि उथळ झाल्यामुळे पाण्याला वरून आणलेली वाळू पुढे रेटता येईना. मध्येच वाळूचा एक उंचवटा तयार झाला, त्याला वळसा घालताना प्रवाहाचे दोन फाटे झाले, प्रत्येक फाट्याने आपापला बाहेरचा काठ खाल्ला, त्या वाळूतून खाली आणखी उंचवटे झाले. विसाव्या मिनिटाला ट्रेमध्ये वेणीसारखी गुंफलेली नदी होती. प्रात्यक्षिक म्हणून ती उत्तम होती, खनन, वहन आणि संचयन ही तिन्ही कार्ये दोन वितीच्या आत एकाच वेळी दिसत होती. पण मला हवी होती ती ही नव्हे.

दि. १५ जानेवारी

खालच्या टोकाच्या पाण्यात तयार झालेला त्रिभुज प्रदेश आज कापून पाहिला. पंप बंद करून पाणी हळूहळू उतरू दिले आणि पातळ पत्र्याने उभा छेद घेतला. वर जवळजवळ आडवे थर, त्यांच्याखाली तीव्र उताराने कललेले थर आणि तळाशी पुन्हा आडवे, अतिबारीक कणांचे थर, अशी रचना स्वच्छ दिसली. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी बॉनव्हिल या आता आटून गेलेल्या प्राचीन सरोवराच्या काठावर नेमकी हीच रचना वर्णिली होती आणि त्या सरोवरावरचा त्यांचा विस्तृत ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. कललेल्या थरांचा कोन मोजला तो तीस अंशांच्या थोडा वर भरला. सुट्या वाळूचा ढीग ज्या कोनाला स्थिर राहतो त्याच्याशी हे जुळते, त्यामुळे विस्तृत झिजेचे वेगळे प्रात्यक्षिक करण्याची गरजच उरली नाही. त्रिभुज प्रदेशाची कड पुढे सरकते ती लहान लहान घसरणींनीच, हे पाण्याजवळ डोळा नेऊन पाहिले की कळते.

दि. १९ जानेवारी

नागमोडी नदीचा दुसरा प्रयत्न. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या भूरूपचक्राच्या कल्पनेत नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था असे टप्पे येतात आणि पुस्तकातल्या तक्त्यात नागमोडी वळणे मंद उताराच्या वृद्ध नदीपाशी काढलेली असतात. ल्युना लिओपोल्ड आणि गॉर्डन वोलमन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की प्रवाहाचे प्रमाण सारखे असेल, तर गुंफित नद्या तुलनेने तीव्र उतारावर आणि नागमोडी नद्या मंद उतारावर आढळतात. म्हणून उतार निम्मा केला, शंभरास एक.

परिणाम तोच. फक्त सगळे संथपणे झाले. काठ ढासळून पात्राचे फाटे होण्यास वीस मिनिटांऐवजी जवळजवळ तासभर लागला आणि शेवटी गुंफित नदीच मिळाली. उतार आणखी कमी केला तेव्हा वाळूच हलेना, आणि सरळ चरातून निवळशंख पाणी वाहत राहिले.

संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याने नकाशांचे पुस्तक उघडून समोर ठेवले. ब्रह्मपुत्रा मैदानात उतरल्यावर अतिशय मंद उतारावरून वाहते, तरीही कित्येक किलोमीटर रुंदीची गुंफित नदी आहे. उलट अमेरिकेच्या यूटा राज्यातील सॅन वान नदीने ३०० मीटरहून खोल कातळात नागमोडी वळणे कोरलेली आहेत. हिमनदीच्या पृष्ठावर वितळलेल्या पाण्याचे ओहोळ वाहतात, त्यांत गाळ जवळजवळ नसतो, तरी तेही वळणे घेत जातात. माझ्या तक्त्यात या तिघांनाही जागा नव्हती.

दि. २३ जानेवारी

विदारणाची प्रात्यक्षिके आटोपली. सच्छिद्र विटेचे पाण्यात भिजवलेले तुकडे रात्री गोठवून सकाळी वितळवण्याचा क्रम बारा दिवस चालू होता. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे कडांचे पापुद्रे सुटले आणि भांड्याच्या तळाशी भुकटी जमली. चुनखडकाच्या तुकड्यावर सौम्य आम्ल टाकून रासायनिक विदारणही दाखवता आले, मात्र निसर्गात हे काम पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड फार सावकाश करतो, हे विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे सांगावे लागेल, नाहीतर फसफसणे तेवढे लक्षात राहते.

एक गोष्ट मात्र या निमित्ताने लिहून ठेवण्याजोगी वाटली. सॅम्युएल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये खनिजांचा विदारणातील टिकाऊपणानुसार क्रम लावला. त्यात ऑलिव्हिन सर्वांत आधी कुजते आणि क्वार्ट्झ सर्वांत शेवटपर्यंत तग धरते. ग्रॅनाइटसारखा खडक कुजला की त्यातले क्वार्ट्झ वाळू होऊन सुटते आणि फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाची चिकणमाती होते. म्हणजे एकाच खडकातून एकमेकांपासून अगदी वेगळ्या स्वभावाचे दोन पदार्थ निघतात, एक सुटा आणि एक चिकट. माझ्या ट्रेमध्ये त्यांतला फक्त पहिला आहे. चाळणीने दुसरा मीच काढून टाकला होता.

दि. २८ जानेवारी

आज मूळ मार्ग सोडून अंतर्गत प्रक्रियांचे प्रात्यक्षिक केले. भूभाग उचलला जाणे आणि समुद्रपातळी खाली जाणे या दोन्हींचा नदीवर होणारा परिणाम एकाच जातीचा असतो, नदीच्या खननाची खालची मर्यादा अचानक उतरते. त्यासाठी खालच्या पाण्याची पातळी तीन सेंटीमीटरने कमी केली. मुखापाशी एक पायरी तयार झाली आणि ती खननामुळे उगमाच्या दिशेने मागे सरकू लागली. मात्र निव्वळ वाळूत ही पायरी अर्ध्या हातापर्यंत जाता जाता झिजून गुळगुळीत उतार बनली. मग वरच्या थरात ओल्या चिकणमातीचा बोटभर जाडीचा पापुद्रा घालून पुन्हा करून पाहिले, तेव्हा धबधबा टिकला. पापुद्र्याखालची वाळू पाण्याने पोखरली, वरचा भाग अधांतरी राहिला, तुकडा मोडून पडला, आणि धबधबा तसाच उभा राहून दोन सेंटीमीटर मागे गेला. नायगाराचा धबधबा वरच्या कठीण डोलोमाइट खडकाखालचा मृदू शेल खडक पोखरत असाच मागे हटला आहे. सुमारे १२,००० वर्षांत त्याने ११ किलोमीटरच्या आसपास अंतर काटले.

बोटभर चिकणमातीने एवढा फरक पडतो हे पाहिल्यावर नागमोडी नदीबद्दलचा माझा विचार उतारावरून काठांकडे वळला.

दि. ३ फेब्रुवारी

गेले चार दिवस वाचन केले. वळण एकदा सुरू झाले की ते वाढत का जाते, याचे सुटसुटीत स्पष्टीकरण अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मधील एका छोट्या लेखात दिले आहे. कपातला चहा ढवळल्यावर पत्तीचे कण कडेला फेकले जाण्याऐवजी तळाच्या मध्यभागी गोळा होतात, त्या निरीक्षणापासून ते सुरुवात करतात. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते आणि तेथे पाण्याची पातळी किंचित चढते. तळाजवळचे पाणी घर्षणामुळे मंद असते, त्यामुळे ते त्या दाबाला बळी पडून आतल्या काठाकडे वळते. असा मळसूत्री प्रवाह बाहेरचा काठ खातो आणि आतल्या काठाला वाळूचा दांडा, म्हणजे लांबट उंचवटा, घालतो. त्यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पुढे नदीतील गाळाच्या वहनावरच आयुष्यभर काम केले, हे वाचून बरे वाटले.

परंतु हे स्पष्टीकरण वळण वाढण्याचे आहे, टिकण्याचे नाही. मळसूत्री प्रवाह माझ्या ट्रेमध्येही होता, रंगाचे थेंब टाकून मी तो पाहिला. नागमोडी नदीचे पात्र सरकते, पण रुंदावत नाही, आणि हे साधण्यासाठी बाहेरच्या काठाची झीज व आतल्या काठाची भर यांचा वेग सारखा असावा लागतो. सुट्या वाळूचा काठ इतक्या झपाट्याने जातो की आतली भर त्याची बरोबरी करू शकत नाही, पात्र रुंद होते, उथळ होते आणि फुटते. जे. एफ. फ्रीडकिन यांनी १९४५ मध्ये व्हिक्सबर्ग येथील जलप्रयोगशाळेत पाणी तिरके सोडून वळणे उत्पन्न केली होती. पात्रात वळणाची प्रवृत्ती निर्माण करणे अवघड नाही, अडचण नंतर येते.

येथे प्रमाणाचाही प्रश्न आहे. नदी हजार पटींनी लहान केली, तरी वाळूचा कण हजार पटींनी लहान करता येत नाही. केला तर तो चिकणमातीच्या आकाराचा होतो आणि त्याची वागणूकच पालटते. ट्रेमधली वाळू माझ्या छोट्या नदीच्या दृष्टीने वाळू नसून गोटेच आहेत.

दि. ८ फेब्रुवारी

वाळूत एक पंचमांश केओलिन ही पांढरी चिकणमाती मिसळून तिसरा प्रयत्न केला. पाणी तिरके सोडले. तीन तास चालवूनही पात्र जागचे हलले नाही, काठ बोटाने दाबून पाहिले तर मातीच्या भांड्यासारखे घट्ट. मातीचे प्रमाण कमी करत विसावा भाग केल्यावर काठ पुन्हा ढासळू लागले आणि पुन्हा गुंफित नदी झाली. या दोन टोकांच्या मधले प्रमाण सापडेना. वाळूचे आणि मातीचे मिश्रण सर्वत्र सारखे केले की काठ मजबूत होतो, पण आतल्या बाजूला नव्याने पडणारी भर त्याच मिश्रणाची नसते. माती पाण्याबरोबर निघून गेलेली असते आणि उरते ती सुटी वाळू. त्यामुळे पुढच्या वेळी पाणी तीच वाट फोडते.

दि. ११ फेब्रुवारी

केओलिनने पंपाची जाळी बुजली आणि पंप जळाला. दोष माझाच, बादलीत गाळ बसण्यासाठी वेळ मी ठेवला नव्हता. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे ०.००२ मिलिमीटरचा, एखादा कण स्थिर गोड्या पाण्यात एक मीटर खाली बसण्यास तीन दिवसांहून अधिक काळ घेतो, हे गणित वहीत होते, बादलीसाठी ते लागू करण्याचे सुचले नाही. नवा पंप घेतला आणि दोन बादल्यांची उतरंड केली.

दि. १४ फेब्रुवारी

काठ घट्ट ठेवणारी, पण नव्या भरीवरही पुन्हा उगवणारी वस्तू म्हणजे वनस्पती. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ल्यूसर्न म्हणजे लसूणघासाचे अंकुर वापरून प्रयोगशाळेत टिकाऊ नागमोडी नदी चालवून दाखवली होती. जमिनीवर मुळे असलेल्या वनस्पती पसरण्यापूर्वीच्या काळातील नदीनिक्षेपांत गुंफित नद्यांच्या खुणा प्रामुख्याने आढळतात, हेही याच्याशी सुसंगत आहे. मातीविरहित वाळू पुन्हा भरली, चर पाडला, चराबाहेर सर्वत्र लसूणघासाचे बी पेरले आणि ट्रेवर दिवा लावला. पुढील आठवडाभर फक्त पाणी शिंपडायचे आहे.

दि. २२ फेब्रुवारी

अंकुर तीन ते चार सेंटीमीटर वाढले आहेत. उपटून पाहिले तर मुळांबरोबर वाळूचा चांगला झुबका निघतो.

पाणी तिरके सोडून सहा तास चालवले. पहिले वळण दुसऱ्या तासाला तयार झाले, बाहेरचा काठ कोसळत होता, पण गवताच्या मुळांमुळे तो ढेकळांनी कोसळत होता, ओघळून जात नव्हता. आतल्या बाजूला वाळूचा दांडा नेटका उभा राहिला. पाचव्या तासाला मात्र त्या दांड्याच्या आणि जुन्या काठाच्या मधल्या खोलगट पट्टीतून पाणी सरळ घुसले आणि वळण मोडले. २००९ च्या प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मी वाचला होता आणि तो पुरेसा गंभीरपणे घेतला नव्हता. दांड्यामागची ही खोलगट जागा बारीक गाळाने भरून निघाल्याखेरीज दांडा काठाशी जोडला जात नाही. माझ्या नदीत बारीक गाळच नाही, तो मी दोनदा काढून टाकला, एकदा चाळणीने आणि एकदा पंपाच्या धास्तीने.

दि. २६ फेब्रुवारी

मोडलेले वळण हाताने पूर्ववत केले, बी पुन्हा टाकले आणि आजपासून वरच्या टोकाला दर दहा मिनिटांनी एक चमचा वजनाने हलकी अशी प्लॅस्टिकची बारीक भुकटी सोडतो आहे. ती मुख्य प्रवाहात तरंगत जाते आणि जेथे पाणी जवळजवळ थांबते तेथेच बसते, दांड्यामागच्या पट्टीत, गवताच्या देठांत आणि खालच्या सरोवरात. नऊ तासांनंतर पट्टी भुकटीने काठोकाठ भरली. वळणाचा बाहेरचा काठ चार सेंटीमीटर सरकला होता आणि पात्राची रुंदी मोजली तर ती सहा सेंटीमीटर होती, सकाळी होती तेवढीच. दुसरे वळण खाली आपोआप तयार झाले. दोन वळणांच्या माथ्यांतील अंतर ६५ सेंटीमीटर, म्हणजे रुंदीच्या साधारण अकरा पट.

दि. ३ मार्च

एकूण ४१ तास पाणी चालले. वरचे वळण फुगत जाऊन त्याची मान अरुंद झाली आणि काल दुपारी मी टिपणे लिहीत असताना ती तुटली. तुटण्याचा क्षण हुकला. पाहिले तेव्हा पाणी सरळ मार्गाने जात होते आणि सोडून दिलेल्या वळणाच्या दोन्ही तोंडांशी भुकटीचे पांढरे बांध तयार होऊ लागले होते. आज सकाळपर्यंत वरचे तोंड पूर्ण बुजले. खालच्या तोंडातून अजून थोडे पाणी आत-बाहेर करते, त्यामुळे याला कुंडलकासार म्हणायचे की अजून नदीचाच फाटा, यावर सहकाऱ्याशी एकमत झाले नाही.

अभ्यासक्रमाच्या टिपणांतून युवा, प्रौढ आणि वृद्ध नदीचा तक्ता मी काढलेला नाही, कारण त्याची ऐतिहासिक जागा आहे आणि परीक्षांत तो विचारलाही जातो. त्याच्या शेजारच्या पानावर मात्र १२ जानेवारी, ८ फेब्रुवारी आणि २६ फेब्रुवारी या तीन दिवसांची वरून घेतलेली छायाचित्रे लावली आहेत आणि प्रत्येकाखाली प्रवाह, उतार, वाळू, माती व वनस्पती यांपैकी काय होते आणि काय नव्हते तेवढेच लिहिले आहे. तिन्हींत पाणी मिनिटाला तीन लिटरच होते.

पंप दुपारी बंद केला. ट्रे दोन दिवस निथळू द्यायचा आहे, त्यानंतर बुजलेल्या तोंडापाशी उभा छेद घेऊन भुकटीखाली वाळूचा थर कोठे संपतो ते मोजायचे आहे.